बोटांखालून गेलेले शब्द

थंडी त्या वर्षी पाहुण्यासारखी आली आणि जावयासारखी मुक्काम ठोकून बसली. सकाळी धुकं असं की समोरून येणारा माणूस खोकला तरच कळावं कोण येतंय. छापखान्यातली शाई डब्यात इतकी घट्ट झालेली असायची की सुरी रोवली तर सरळ उभी राहावी. काका सगळ्यांच्या आधी यायचे, शटर अर्धंच वर करायचे, कोपऱ्यातल्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवायचे आणि शाईचा डबा त्यात ठेवायचे. मग फरशीच्या तुकड्यावर थोडी थोडी शाई घेऊन ती सुरीने मळत बसायचे. मळता मळता शाई चमकायला लागली की म्हणायचे, "उठल्या बाईसाहेब!"

त्या बुधवारी बाईसाहेब उठायच्या आधीच मालक कागद घेऊन आले.

"नगरपालिकेचं काम आहे, काका. नोटीस. बावीस ओळी, चाळीस प्रती. दुपारपर्यंत पाहिजे."

काकांनी कागद समोरच्या खिळ्याला अडकवला आणि केसपुढे उभे राहिले. केस म्हणजे शंभर-सव्वाशे खणांचा लाकडी खोका. एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात धातूची पट्टी, उजवा हात खणांवर. मुंग्या चालाव्यात तशी बोटं चालायची. कागदाकडे एकदा बघायचं, चार-पाच अक्षरं डोळ्यांत धरायची आणि बोटांना सोडून द्यायचं. बावीस ओळी दुपारच्या आधीच उभ्या राहिल्या. शेवटून तिसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द होता, अकरा खिळ्यांचा. नगरपालिकेच्या प्रत्येक कागदात तो असायचाच. काकांची बोटं त्याला घरच्या पायऱ्यांसारखी ओळखत होती, अंधारातही चुकली नसती.

मालकांनी प्रूफ वाचलं. वाचलं म्हणजे वरून खाली नजर फिरवली. "एक चूक नाही," म्हणाले. "तुमच्या प्रुफाला चष्मा लावायची गरजच पडत नाही."

मशीनकडे जाताना काकांची मान जरा ताठ होती.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. काकांना इंग्रजी येत नव्हतं. थोडं येत होतं, मोडकंतोडकं येत होतं, असंही नाही. येतच नव्हतं. चौथी झाली, बाप गेला, आणि काका याच छापखान्यात झाडू मारायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवली ती चेहऱ्यांसारखी: हा पोट सुटलेला, हा काठी टेकून उभा, ही दोघं जुळी पण एक उजव्या तोंडाचा, एक डाव्या. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून उलटीच शिकवली. आणि एक मंत्र दिला. "शब्दाशी सलगी करायची नाही. अर्थ कळायला लागला की डोळा पुढचं अक्षर न बघताच गृहीत धरतो, आणि चूक होते. आपण अक्षर बघायचं. अर्थ गिऱ्हाइकाचा."

काकांनी हा मंत्र चाळीस वर्षं पाळला. म्हणूनच त्यांच्या हातून चूक होत नव्हती. म्हणूनच त्यांना काही कळतही नव्हतं. आता हे दुसरं त्यांनी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि पहिलं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्यातून नाव पडलं ते न्हाव्याच्या दुकानात. तिथे रविवारचा पेपर यायचा आणि त्यात शेवटच्या पानावर एक कोडं असायचं. तीन अक्षरं दिलेली. ती तिन्ही ज्यात आहेत असे इंग्रजी शब्द शोधायचे, क्रम कुठलाही. दाढीला आलेली चार माणसं डोकं खाजवून पाच-सहा शब्द काढायची. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा काका केस कापायला बसले होते. न्हावी आपल्याशीच अक्षरं पुटपुटत होता, आणि काकांचे हात चादरीखाली हलायला लागले. त्या अक्षरांच्या खणांकडे बोटं जायला लागली, आणि बोटांमागून शब्द आले. कुठली पत्रिका, कुठलं लेबल, कुठला पावतीचा मथळा. काकांनी एकेक अक्षर सुटं सुटं सांगायला सुरुवात केली, न्हाव्याने लिहून घेतलं, आणि अकरा शब्द झाले. न्हाव्याकडे कुठून तरी आलेली, मुखपृष्ठ गेलेली डिक्शनरी होती. त्याने बघितलं. अकराच्या अकरा त्यात सापडले.

"अहो काका, तुम्ही तर डिक्शनरी आहात!"

त्या क्षणी काकांनी म्हणायला हवं होतं, बाबा, मला फक्त अक्षरं माहीत आहेत. त्यांच्या तोंडात ते आलंही होतं. पण चारही माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि चौथी शिकलेल्या माणसाकडे असं कुणी आजवर बघितलं नव्हतं. त्यांनी चादर सारखी केली आणि म्हणाले, "चालतंच असं."

झालं. डिक्शनरीकाका.

घरी काकूंना खरं ठाऊक होतं. काकू म्हणजे जिभेला धार असलेली बाई, पण ती धार घरातच वापरायची. "बघा हं," म्हणायच्या, "हात दाखवून अवलक्षण होईल एक दिवस. कुणीतरी अर्थ विचारील."

"शब्द विचारतात, अर्थ कोण विचारतो?" काका म्हणायचे. आणि खरंच कुणी विचारत नव्हतं. ज्याला शब्द येतो त्याला अर्थ येणारच, असं माणसं धरून चालतात.

त्या नोटिशीनंतरच्या रविवारी काका न्हाव्याकडे गेले तेव्हा धुकं दुकानाच्या काचेवर चिकटून बसलं होतं. खुर्ची एक, बाक एक, बाकावर तिघं. न्हाव्याने वस्तरा पट्ट्यावर घासता घासता आरोळी दिली.

"आले! काका, आज आर, जी, एन. आमची मजल ग्रीन आणि रिंगपर्यंत गेलीय. हा रिक्षावाला म्हणतो रनिंग. आता बोला."

काका बाकावर बसले. डोळे मिटले. उजवा हात मांडीवर हलायला लागला.

"काका, हवेत पेटी वाजवू नका, इथे वस्तरा चालू आहे," रिक्षावाला म्हणाला.

"गप रे. लिहा. ओ, आर, ए, एन, जी, ई."

"ऑरेंज! सरबताच्या बाटलीवर असतं."

"लेबलं मीच छापली ती. पुढे. डी, ए, एन, जी, ई, आर."

"डेंजर. विजेच्या डब्यावर."

गार्डन आलं, इंजिनिअर आलं, मार्जिन आलं, एमर्जन्सी आलं. आठ झाले, दहा झाले. न्हावी डिक्शनरी उलटत होता आणि प्रत्येक शब्द सापडला की गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हलकी टपली मारत होता. गिऱ्हाईक म्हणालं, "सापडतोय तो, मला कशाला मारता?" हशा झाला. काका थांबले. मग सावकाश, शेवटचा फटाका राखून ठेवल्यासारखं, म्हणाले:

"यू, एन, डी, ई, आर. पुढे एस, आय, जी, एन, ई, डी. अकरा अक्षरं."

न्हाव्याला बराच वेळ लागला. मग त्याने पान दाखवत डिक्शनरी वर धरली. "अंडरसाइन्ड! आहे! आई शप्पथ, आहे! कुठून काढता हो तुम्ही?"

"रोजचाच आहे," काका म्हणाले, आणि हसले.

हे हसू अजून ओठांवर होतं तेव्हाच दारात शिवणताई आली. शिवणताई म्हणजे मंडईच्या इमारतीत तळमजल्यावर, दाराला लागूनच जिचा गाळा होता ती. नवरा गेल्यावर त्याच गाळ्यात एका मशीनवर तिने सासूला आणि स्वतःला जगवलं होतं. शाळेचे कपडे, उसवलेल्या चेनी, म्हाताऱ्या बायकांची झंपरं. म्हाताऱ्यांना गाळा सोयीचा होता, रस्त्यावरून एक पायरी चढलं की मशीन. गल्लीतल्या सगळ्यांच्या अंगावर कुठे ना कुठे तिचा टाका होता. काकांच्या त्या दिवशीच्या कोटाचं अस्तरही तिनेच बदललेलं होतं.

"काका, बरं झालं इथेच भेटलात," ती म्हणाली. पदराआडून कागद काढला. "दुकानाच्या दाराला कुणीतरी अडकवून गेलंय. इंग्रजी आहे. काय म्हणतात बघा बरं."

काकांनी कागद हातात घेतला आणि लगेच ओळखला. त्यांचाच. वरच्या ओळीची बारीक अक्षरं, डावीकडची समासरेषा, खालचा अकरा अक्षरांचा शब्द. आपलं पोर रस्त्यात दिसावं तसं झालं.

"ही तर आमच्याच छापखान्यातली," ते म्हणाले. "मीच जुळवलीय. बुधवारी."

"बघा!" न्हावी म्हणाला. "इथे शब्द सांगतात, तिथे छापतात. ताई, योग्य माणसाकडे आलीस."

"मग काय आहे त्यात?"

काकांनी परत कागदाकडे बघितलं. अक्षरं शुद्ध होती. शाई एकसारखी होती. आणि कागदावर दोन तारखा होत्या, एक वर कोपऱ्यात, दुसरी मधोमध, दहा. आकडे काकांना कळत होते. चाळीस वर्षांत एवढं त्यांना कळलं होतं, की वर कोपऱ्यातली तारीख कागदाची असते, पण मधोमध असलेली तारीख माणसाची असते. ती कुणाला तरी गाठायची असते. बाकावरचे तिघं बघत होते. न्हावी वस्तरा हातात धरून बघत होता. डिक्शनरी अजून त्या पानावर उघडी होती.

"काही विशेष नाही," काका म्हणाले. "नेहमीचंच असतं. इमारतीचं काहीतरी. सगळ्यांना लावतात."

"म्हणजे मला काही करायला नको?"

"नको."

"जीव भांड्यात पडला हो," ती म्हणाली. कागदाची घडी केली आणि गेली.

त्या संध्याकाळी जेवताना काकूंनी सहज विचारलं, "शिवणताईला नोटीस आली म्हणे. काय होतं त्यात?"

"काही नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी घास तसाच धरला. "कसं कळलं म्हणजे? मी जुळवलीय ती."

"जुळवलीत हो. आचारी पंगतीला वाढतो म्हणून त्याचं पोट भरतं का?" मग त्यांच्या तोंडाकडे बघून काकूंचा आवाज उतरला. "अहो, उद्या मालकांना विचारा. एक शब्द विचारायचा, काय होतं त्यात. त्यात कसली लाज?"

दुसऱ्या दिवशी काका मालकांच्या टेबलापाशी दोनदा जाऊन आले. एकदा म्हणाले, शाई संपत आलीय. दुसऱ्यांदा म्हणाले, थंडी फार आहे. मालक म्हणाले, आहेच. तिसऱ्यांदा गेले नाहीत. मालकांना काय सांगायचं? की तुम्ही चाळीस वर्षं ज्याच्या प्रुफाला चष्मा लावत नाही, तो वाचत नाही, नुसता बघतो? आणि मग काय, नोटीस नेहमीचीच असेल. नेहमीचीच असते.

दहा तारीख आली आणि गेली. काकांना ती कळली, कारण त्या दिवशी त्यांनी कॅलेंडरकडे तीन वेळा बघितलं.

तेरा तारखेला सकाळी शिवणताईच्या गाळ्याला नगरपालिकेचं कुलूप होतं. मशीन आत. अर्धवट शिवलेले पंचवीस शाळेचे शर्ट आत. म्हातारी सासू दाराच्या पायरीवर बसून कुलपाकडे असं बघत होती जणू ते कुणाचं तरी हरवलेलं सामान आहे आणि मालक येऊन घेऊन जाईल.

शिवणताई ओरडली नाही, रडली नाही. नगरपालिकेत एक चक्कर मारून ती थेट छापखान्यात आली.

"काका, काहीतरी गफलत झालीय त्यांची. तुम्ही नोटीस वाचलीत ना? त्यात असं काही नव्हतं ना? चला माझ्याबरोबर. मी त्यांना सांगितलं, आमच्या काकांनी वाचलीय, खूप शिकलेले आहेत. तर तो क्लार्क म्हणतो, घेऊन या त्यांना."

न्हावीही दुकान बंद करून आला होता. "चला काका, त्यांना दाखवूच. काय समजतात काय!"

काकांनी हात पुसले. शाई जात नव्हती. पुसतच राहिले.

नगरपालिकेच्या ऑफिसात लांबलचक टेबल आणि त्यामागे एक क्लार्क. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून अशा पाच-सहा जणांशी बोलून कंटाळलेला होता. त्याने एका ग्लासात पेन्सिली ठेवल्या होत्या आणि दुसऱ्यात चहा. एकदा चहा समजून त्याने पेन्सिलींच्या ग्लासाकडे हात नेला आणि स्वतःच हसला.

"हेच का ते काका?" तो म्हणाला. "बसा. बाई म्हणतायत तुम्ही नोटीस वाचून सांगितलंत, काही करायचं नाही. आता नोटिशीत काय आहे ते मी सांगतो. इमारतीची दुरुस्ती होणार. गाळेधारकांनी जुना ताबापत्राचा कागद घेऊन दहा तारखेपर्यंत स्वतः यायचं, सही करायची. जो आला नाही त्याने गाळा सोडला असं धरलं जाईल. बाई आल्या नाहीत. शेजारच्या गाळ्यातला कुलूपवाला आला. सही केली, आणि तारीख उलटताच हा रिकामा गाळा मला द्या असा अर्जही करून गेला."

"त्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही," शिवणताई म्हणाली.

"तो कशाला सांगेल? पण काकांनी वाचलं होतं ना." क्लार्कने नोटीस काकांपुढे सरकवली. "वाचून दाखवा. खरंच सांगतो, मला समजून घ्यायचंय. आमच्या मजकुरात खोट असेल तर मी साहेबांना सांगेन, नोटीस नीट लिहिलेली नव्हती म्हणून. बाईंचा फायदा होईल."

काकांनी कागद उचलला. बावीस ओळी. त्यांना आता प्रत्येक अक्षर दिसत होतं, आणि अक्षरांच्या मागे काहीच नव्हतं. भिंत होती. बुधवारी हीच भिंत त्यांनी आपल्या हातांनी एकेक वीट ठेवून बांधली होती, ताईच्या दारापुढे, आणि मान ताठ करून मशीनकडे गेले होते.

"चष्मा राहिला," ते म्हणाले.

"कपाळावर आहे, काका," न्हावी हळूच म्हणाला.

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. काही बदललं नाही. क्लार्क थांबला होता. शिवणताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला अजून खात्री होती. तेच सगळ्यात वाईट होतं. ती रागावली असती, ओरडली असती, तर त्यांना पळून जाता आलं असतं. पण ती वाट बघत होती, की आता काका वाचतील आणि या क्लार्कचं तोंड बंद होईल.

"मला येत नाही," काका म्हणाले.

"काय येत नाही?"

"वाचता. इंग्रजी. अक्षरं येतात. अर्थ येत नाही. काहीच येत नाही."

क्लार्क हसला नाही. त्याने चष्मा काढला. "पण बाई म्हणाल्या, तुम्हीच ही छापलीत."

"मीच जुळवली."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, ती पडली, त्याने परत टेकवली. न्हावी खिडकीकडे बघत होता. इतकी वर्षं तो डिक्शनरी उलटत होता, सापडतोय सापडतोय म्हणत होता, आणि आता त्याच्याही मानेवर लाली चढली होती. आपणही या खेळात होतो, असं त्याला वाटलं असावं.

शिवणताई म्हणाली, अगदी हळू, "काका, एवढंच सांगायचं होतं ना त्या दिवशी. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं."

काकांनी नोटीस टेबलावर ठेवली. माफी मागायलाही माणसाला उभं राहायला जागा लागते.

क्लार्कने कोरा कागद काढला. "हे बघा. एकच करता येईल. तुम्ही लिहून द्या की बाईंना नोटिशीचा मजकूर चुकीचा सांगितला गेला, आणि का. मग मी साहेबांपुढे ठेवतो. मराठीत लिहिलंत तरी चालेल. मराठी येतं ना?" हे शेवटचं त्याने टोमणा म्हणून विचारलं नाही. खरंच विचारलं. तेच जास्त लागलं.

"येतं. चौथीपर्यंतचं."

"पुरे. लिहा, मी सांगतो. मी, खाली सही करणारा..." त्याने नोटिशीच्या तळाच्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "इथे पण तेच लिहिलंय बघा, हा मोठा शब्द. अंडरसाइन्ड. खाली सही करणारा."

काकांनी त्या अकरा अक्षरांकडे बघितलं. मग लिहायला लागले. मी, खाली सही करणारा. अक्षरं मोठी आणि वाकडी आली, शाळेत असतात तशी. चार ओळी लिहायला त्यांना पाव तास लागला. मला इंग्रजी वाचता येत नसून मी वाचता येत असल्याचे भासवले, असं क्लार्कने सांगितलं ते त्यांनी लिहिलं. "भासवले" कसं लिहायचं ते विचारलं. न्हाव्याने सांगितलं. खाली सही केली.

साहेबांनी तो कागद वाचला म्हणतात, आणि थोडं हसून बाजूला ठेवला. पण ठेवायच्या आधी काहीतरी खरडलं. तळमजल्यावरचा गाळा काही परत मिळाला नाही. तो कुलूपवाल्याला गेला, कागद आधीच निघाला होता. शिवणताईला तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली मिळाली. जिना अंधारा, पायऱ्या उंच. म्हाताऱ्या बायका पहिल्या मजल्यावर थांबून वर हाक मारायच्या, आणि शिवणताई खाली येऊन त्यांचं झंपर घेऊन जायची. पुढे पुढे त्यांनी हाक मारणंही सोडलं. ऐन रस्त्यावर दुसरी एक शिंपीण बसायला लागली होती.

मशीन वर नेलं त्या दिवशी काका न बोलावता गेले. मशीनचा लोखंडी पाय खांद्यावर घेऊन तीन जिने चढले. दोनदा थांबले. शिवणताईने नको म्हटलं नाही आणि बरं झालं आलात असंही म्हटलं नाही. वर पोचल्यावर तिने खिडकीजवळची जागा दाखवली. "इथे." काकांनी ठेवलं. ती चाक फिरवून बघत राहिली, सुई वरखाली होते का, आणि काका दारात उभे राहिले. मग तिने तोंड न वळवता म्हटलं, "उतरताना भिंतीला धरून उतरा, काका. पाचवी पायरी मोडलीय."

घरी काकांना वाटलं होतं, काकू म्हणतील मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन दिवस भाजी जास्त तिखट केली, आणि तिसऱ्या दिवशी तेही बंद केलं.

मग काकांनी एक वेडेपणा केला. आता इथून पुढे आपल्या हातून जे जाईल ते आपल्याला कळलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मालक काम आणायचे, की काका विचारायचे, "यात काय लिहिलंय?" मालक आधी चकित झाले, मग सांगायचे. सगळ्या गल्लीला आता कळलेलंच होतं, तेव्हा लपवायचं काही उरलं नव्हतं. एका दाताच्या डॉक्टरचं पत्रक आलं. मालकांनी त्यातला एकेक शब्द सांगितला. हा दात, ही वेळ, हे दुखणं. काका जुळवायला लागले. दात आला की त्यांना दात दिसायचा. दुखणं आलं की आपली दाढ आठवायची. आणि मग बोटं पुढच्या खणावर परस्पर जायची, शब्द कुठे संपणार हे आधीच ठाऊक असल्यासारखी.

प्रूफ आलं तेव्हा त्यात तीन चुका होत्या. मालकांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"काका, डोळे तपासून घ्या एकदा."

"डोळे बरे आहेत," काका म्हणाले. त्यांनी तिन्ही खिळे चिमट्याने उपटले आणि बदलले. म्हातारा जुळारी खोटं बोलला नव्हता. अर्थ कळला की हात चुकतो. पण तो अर्धंच बोलला होता, आणि काकांना दुसरं अर्धं आता या वयात स्वतःच्या खांद्यावरून तीन जिने वर नेऊन कळलं होतं.

रविवारी ते न्हाव्याकडे गेले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. दाढी घरीच करायला लागले, आणि हनुवटीखाली रोज एक तरी ओरखडा काढायचे. तिसऱ्या रविवारी न्हावीच छापखान्यात आला. मालकांनी ज्यादा काम म्हणून शटर उघडं ठेवलं होतं.

"येत का नाही हो?" तो दारातूनच म्हणाला. "बाक रिकामा वाटतो."

"लोक हसतील."

"हसले की. पहिल्या रविवारी पोटभर हसले. दुसऱ्या रविवारी रिक्षावाल्याची बायको माहेरून भांडून परत आली, मग तिच्यावर हसले. तुमची पाळी कधीच संपली." न्हाव्याने खिशातून कागद काढला, मग परत आत ठेवला. "आज एल, के, बी आहे. आम्ही चौघं मिळून दोनवर अडकलोय. ब्लॅक आणि ब्लँकेट. नुसती अक्षरं सांगा, काका. अर्थ नका सांगू. अर्थ आम्हाला तरी कुठे येतो?"

हे तो माया म्हणून बोलला, हे काकांना कळलं. त्यांचा उजवा हात मांडीजवळ हलला. डाव्या अंगाच्या वरच्या खणाकडे एक बोट गेलं, तिथून उजवीकडे. कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानाचं पावतीपुस्तक डोळ्यांपुढे आलं. काकांनी हात कोटाच्या खिशात घातला. बोटांना आतल्या नव्या अस्तराची बारीक शिवण लागली. त्यांनी तो हात तिथून काढला आणि काखेत दाबून धरला.

"आज नको," ते म्हणाले.

न्हावी त्यांच्या हनुवटीकडे बघत म्हणाला, "बरं. दाढी तरी करून घ्या माझ्याकडे. हे काय केलंय हनुवटीचं? मांजरीने ओरबाडल्यासारखं. लोकांना वाटेल काकूंनीच..." मग हसला, आणि काका हसले नाहीत म्हणून पुढचं बोलला नाही. गेला.

मालकांनी आतून हाक मारली. डॉक्टरच्या चिठ्ठ्यांची पॅडं चिकटवायची राहिली होती, उद्या सकाळी न्यायला येणार होते. काकांनी गठ्ठे टेबलाच्या कडेला एकावर एक लावले, चारी बाजूंनी तळव्याने ठोकून सरळ केले, वर फळी ठेवली आणि फळीवर दोन विटा. मग गोंदाचा डबा उघडला. थंडीने वर साय धरली होती. ब्रशने ती फोडली, खालचा पातळ गोंद घेतला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कागदांच्या कडेला सावकाश, न थांबता, पहिला हात दिला.